पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा

गेल्या आठवड्यात कबूल केलं होतं, की आज वादळाच्या डोळ्यात शिरणाऱ्या विमानांबद्दल लिहीन. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे. सांगलीहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे आणि त्याचं उत्तर लांबवणं मला बरं वाटत नाही. त्यांची मुलगी ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटी इथे राहते. जुलै २०२४ मध्ये बेरिल हे चक्रीवादळ टेक्सासच्या किनाऱ्याकडे निघालं, तेव्हा ताईंच्या डोळ्याला डोळा लागला नाही. टीव्हीवर गाड्यांच्या रांगा दिसत होत्या आणि जावई फोनवर शांतपणे सांगत होते, ‘आई, आम्ही कुठेही जाणार नाही.’ ताई विचारतात, हा धीर म्हणायचा की बेफिकिरी? आणि कॅटेगरी कितीच्या वर गेली की माणसानं घर सोडावं?

आधी दुसरा प्रश्न घेतो. कॅटेगरीचा आकडा बघून घर सोडायचं की नाही हे ठरवूच नये. हर्बर्ट सॅफिर हे इंजिनिअर आणि रॉबर्ट सिम्पसन हे हवामानतज्ज्ञ, या दोघांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ही एक ते पाचची श्रेणी रूढ केली. आज ती फक्त वाऱ्याचा वेग सांगते. समुद्र किती चढेल, पाऊस किती कोसळेल, वादळाचा पसारा केवढा आहे, यातलं काहीच त्या आकड्यात नसतं. आणि माणसं मरतात ती बहुतेक पाण्यानं. नॅशनल हरिकेन सेंटरच्या एडवर्ड रॅपापोर्ट यांनी १९६३ ते २०१२ या पन्नास वर्षांत अमेरिकेत वादळांनी थेट घेतलेल्या बळींचा हिशेब मांडला. जवळपास निम्मे मृत्यू समुद्राच्या उधाणानं आणि सुमारे पाव मृत्यू पावसाच्या पुरानं झाले होते. सगळं मिळून दहातले जवळजवळ नऊ जीव पाण्यानं घेतले. वाऱ्याच्या वाट्याला आलेले थोडेच. म्हणून तिकडच्या आपत्ती व्यवस्थापनातल्या लोकांच्या तोंडी एक वाक्य कायम असतं: पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा. मजबूत घरात, खिडक्यांपासून लांब, आतल्या खोलीत वाऱ्याला तोंड देता येतं. छातीपर्यंत चढलेल्या समुद्राला देता येत नाही.

हे वाक्य ह्यूस्टनकरांना सप्टेंबर २००५ मध्ये माहीत असतं तर फार बरं झालं असतं. त्याबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे, कारण न निघाल्यामुळे मेलेल्यांच्या कथा सगळे सांगतात, पण निघाल्यामुळे मेलेल्यांच्या कथा फार कमी जण सांगतात.

कॅटरिना वादळाला पुरता महिनाही झाला नव्हता. न्यू ऑर्लिन्सची छपरांवर बसलेली माणसं सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली होती, आणि तिथले हजारो लोक ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोम स्टेडियममध्ये आसऱ्याला आले होते. अशात रीटा हे नवं वादळ मेक्सिकोच्या आखातात शिरून पाच कॅटेगरीचं झालं आणि अंदाजाची रेघ थेट गॅल्व्हेस्टन-ह्यूस्टनकडे वळली. किनाऱ्यावरच्या लोकांना निघायचा आदेश होता, तो योग्यच होता. पण त्यांच्याबरोबर सगळं शहर उठलं. पंचवीस लाखांच्या पुढे माणसं एकाच वेळी रस्त्यावर आली. त्यांतल्या कित्येकांच्या घरापर्यंत समुद्र पोहोचण्याची सुतराम शक्यता नव्हती. आमच्या ओळखीची दोन मराठी कुटुंबं बुधवारी रात्री डॅलसला निघाली. एरवीची चार तासांची वाट. गुरुवारी सकाळी त्यांचा फोन आला तेव्हा गाडी कॉनरोही ओलांडून गेली नव्हती, म्हणजे घरापासून साठ-सत्तर किलोमीटरसुद्धा झाले नव्हते. पेट्रोल पुरावं म्हणून एसी बंद, बाहेर सदतीस-अडतीस अंशांचं ऊन, मागच्या सीटवर आजी. पंपांवरचं पेट्रोल संपलेलं. समोरून शहराकडे येणाऱ्या लेन मोकळ्या पडलेल्या आणि त्या उलट्या दिशेनं खुल्या झाल्या त्या लोक पुरते अडकल्यावर. या मंडळींनी दुपारी गाड्या वळवल्या आणि घरी परतले. आजींना त्यामुळेच काही झालं नाही, असं मी आजही मानतो.

शुक्रवारी पहाटे डॅलसच्या अलीकडे विल्मरजवळ एका बसनं पेट घेतला. ह्यूस्टनच्या पोटातल्या बेलएअर भागातल्या एका वृद्धाश्रमातले रहिवासी तिच्यात होते. आदल्या दुपारपासून बस वाटेत होती. मागच्या चाकाच्या बेअरिंगला वंगण नव्हतं, ते तापून आग लागली, आणि आत ऑक्सिजनचे सिलिंडर होते. तेवीस जण गेले. उष्माघात, अपघात, हृदयविकार असं सगळं धरून त्या स्थलांतरात शंभराहून अधिक माणसं मेली. रीटा शनिवारी पहाटे टेक्सास-लुईझियानाच्या सीमेवर, गॅल्व्हेस्टनच्या पूर्वेला सुमारे शंभर किलोमीटरवर, तीन कॅटेगरीचं होऊन किनाऱ्याला लागलं. खुद्द वादळानं थेट घेतलेले बळी होते सात.

यात हवामान खात्याची चूक काढू नये. तीन दिवस आधीच्या अंदाजात वादळाच्या केंद्राची जागा तेव्हा शेकडो किलोमीटरनं इकडेतिकडे होत असे. त्या मानानं रीटाचा अंदाज चांगलाच होता. दोष होता तो ‘वादळ येतंय, निघा’ या मोघम हाकेचा. कुणी निघायचं आणि कुणी मुद्दाम घरात थांबायचं, हे कुणी ठणकावून सांगितलं नव्हतं. ज्याच्या घराला धोका नाही तो रस्त्यावर आला, की ज्याच्या घरात समुद्र शिरणार आहे त्याची वाट अडते. म्हणून विचार करून घरी थांबणं हेही मला शेजारधर्माचंच काम वाटतं.

ह्यूस्टननं यातून धडा घेतला. किनाऱ्यालगतचे भाग झिपकोडनुसार झोनमध्ये वाटले आणि कोणता झोन केव्हा निघेल हे ठरवून टाकलं. सप्टेंबर २००८ मध्ये आयक आलं तेव्हा किनाऱ्याच्या झोनना निघायला सांगितलं आणि आतल्या शहराला घरी थांबायला. रस्ते वाहते राहिले. आमच्याकडे गणपती बसलेले होते, अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी पहाटे वादळ धडकलं, आणि आम्ही मंडळी आपापल्या घरात होतो.

पण किनाऱ्यावर कॅटेगरीच्या आकड्यानं दगा दिला. आयक होतं फक्त दोन कॅटेगरीचं. ‘दोनच तर आहे,’ असं म्हणत, आणि रीटाच्या वेळच्या रस्त्यांची आठवण ठेवून, हजारो लोक गॅल्व्हेस्टन बेटावर आणि बोलिव्हर द्वीपकल्पावर थांबले. गुरुवारी रात्री राष्ट्रीय हवामान सेवेनं इशारा दिला, की किनाऱ्यावरच्या एक-दोन मजली घरांत थांबणाऱ्यांना मृत्यू निश्चित आहे. सरकारी खात्याच्या तोंडून इतकी उघड भाषा मी तोवर ऐकली नव्हती.

आयकमधली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट पुढेच आहे. वादळाचं केंद्र किनाऱ्याला लागलं शनिवारी मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास. पाणी मात्र शुक्रवारी सकाळीच चढलं होतं. वारा अजून फारसा नव्हता आणि बोलिव्हरचा एकमेव महामार्ग पाण्याखाली गेला होता. याचं कारण आयकचा अफाट पसारा. त्याचा वारा किनाऱ्याला समांतर, पूर्वेकडून पश्चिमेकडे, कितीतरी तास वाहत राहिला. टेक्सासच्या समोरचा समुद्र लांबवर उथळ आहे, त्यामुळे ते पाणी वाऱ्याबरोबर वाहू लागलं. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात वाहतं पाणी उजवीकडे वळतं, आणि उजव्या हाताला होता टेक्सासचा किनारा. वादळ शेकडो किलोमीटर दूर असताना समुद्र माणसाच्या उंचीइतका चढून बसला. ‘सकाळी बघू’ म्हणत रात्री झोपलेल्यांना सकाळी रस्ताच उरला नव्हता. तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरांनी कित्येकांना दिवसाउजेडी उचललं. नंतरची मुख्य लाट बोलिव्हरवर पंधरा ते वीस फुटांची होती. गिलख्रिस्ट नावाच्या वस्तीत समुद्राच्या बाजूचं एकच पिवळं घर उभं राहिलं. रीटात आधीचं घर गेल्यावर मालकांनी ते उंच खांबांवर नव्यानं बांधलं होतं. त्याचा फोटो जगभर फिरला. पण तो बघून ‘घर मजबूत असलं की थांबावं’ असं कुणाला वाटत असेल, तर त्यांनी फोटोतल्या आजूबाजूच्या रिकाम्या वाळूकडे बघावं.

आता टीव्हीवरच्या त्या पांढऱ्या शंकूबद्दल. त्याच्याविषयी मागे एका लेखात लिहिलं आहे, तरी लोक तो धोक्याचा नकाशा म्हणूनच वाचतात. शंकू सांगतो तो फक्त केंद्राचा संभाव्य मार्ग, आणि केंद्र तीनातून एकदा त्याच्या बाहेरही जातं. त्याची रुंदी मागच्या पाच वर्षांतल्या चुकांवरून काढलेली असते. समोरचं वादळ केवढं आहे याच्याशी तिचा संबंध नाही. २०२२ मध्ये फ्लोरिडात इयन वादळाच्या वेळी सगळ्यांच्या तोंडी टँपा होतं. दक्षिणेकडची ली काउंटी शंकूच्या कडेवर होती, आणि तिथला निघण्याचा आदेश २७ सप्टेंबरच्या सकाळी आला, शेजारच्या काउंट्यांपेक्षा उशिरा. दुसऱ्या दिवशी दुपारी इयन तिथेच किनाऱ्याला लागलं. फोर्ट मायर्स बीचवर पुरुषभर उंचीच्याही वर पाणी चढलं. फ्लोरिडात उधाणानं एक्केचाळीस माणसं बुडवली, त्यांतली बहुतेक याच काउंटीतली. किनाऱ्यावर राहणाऱ्यानं शंकूच्या रेघेवर भिस्त ठेवू नये, हे माझं ठाम मत आहे. फ्लोरिडात ए, बी, सी असे झोन आहेत, ते उधाणाच्या गणितावरून आधीच आखलेले असतात. झोन ए म्हणजे सगळ्यांत आधी पाणी भरणारा. त्यात राहणाऱ्यानं मनाची तयारी जून महिन्यातच करून ठेवावी. वादळ आल्यावर फक्त चावी लावायची.

आणि लांब जायची गरज नसते, हेही कुणी सांगत नाही. झोनबाहेर वीस-तीस किलोमीटर आत, उंचावरच्या मित्राचं पक्कं घर पुरतं. डॅलस गाठायचं कारण नाही.

ताई, तुमच्या जावयांचं उत्तर समुद्राच्या बाबतीत बरोबर आहे. केटी किनाऱ्यापासून शंभराहून जास्त किलोमीटर आत आहे आणि समुद्रसपाटीपासून चाळीस मीटरच्या आसपास उंच. तिथे उधाण येत नाही. पण एक गोष्ट त्यांना जरूर विचारा: घर बार्कर जलाशयाच्या पोटात तर नाही ना? शहर पुरापासून वाचावं म्हणून लष्कराच्या अभियंत्यांनी १९४०च्या दशकात अ‍ॅडिक्स आणि बार्कर ही दोन धरणं बांधली. एरवी ती कोरडी असतात, त्यामुळे मागची जमीन बघता बघता वस्त्यांनी भरली. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळाच्या पावसानं पाणी मागे पसरलं आणि हजारो घरांत शिरलं. आपण धरणाच्या फुगवट्यात राहतो हे कित्येकांना त्या दिवशी कळलं. हार्वेच्या वेळी महापौर सिल्व्हेस्टर टर्नर यांनी शहर रिकामं करायला नकार दिला, त्यावर बरीच टीका झाली. मला तो निर्णय पटतो. पावसाचा पूर नेमका कुठल्या गल्लीत येईल हे आधी सांगता येत नाही, आणि ह्यूस्टनमध्ये सगळ्यांत आधी बुडतात ते रस्ते. लाखो माणसं त्या रस्त्यांवर गाड्यांत अडकली असती तर काय झालं असतं, ते रीटानं दाखवलेलं होतं.

बेरिलमध्ये केटीला खरा त्रास झाला असेल तो वीज जाण्याचा. वादळ होतं एक कॅटेगरीचं, आणि वीस लाखांहून अधिक ग्राहक अंधारात गेले, काही ठिकाणी आठवडाभराहून जास्त. जुलैच्या उकाड्यात एसीविना म्हातारी माणसं दगावली. घरात ऑक्सिजन यंत्रावर, डायलिसिसवर कुणी असेल, तान्हं बाळ असेल, तर समुद्र कितीही लांब असो, वेळेत निघावं. आणि जनरेटर कधीही घरात किंवा गॅरेजमध्ये चालवू नये. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडनं प्रत्येक वादळानंतर माणसं मरतात.

जे निघत नाहीत त्यांना हटवादी म्हणायची घाई मात्र करू नये. कॅटरिनाच्या वेळी न्यू ऑर्लिन्सला सक्तीचा आदेश आला रविवारी सकाळी, आणि वादळ सोमवारी सकाळी दारात होतं. शहरात सुमारे एक लाख माणसं राहिली. कित्येकांकडे गाडी नव्हती, महिनाअखेर होती, हातात मोटेलपुरते पैसे नव्हते. लुईझियानातल्या मृतांमध्ये निम्म्याच्या आसपास पंचाहत्तरीच्या पुढचे होते. काही जण कुत्र्या-मांजरांना सोडवेना म्हणून थांबले, कारण निवाऱ्यांत प्राण्यांना मज्जाव होता. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, अमेरिकी काँग्रेसनं कायदा केला, की स्थलांतराच्या योजनेत पाळीव प्राण्यांचीही सोय धरावी. माणूस कशासाठी थांबतो हे विचारल्यावरच तो कायदा सुचला.

अटलांटिकचा वादळी हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. तुमचं कुणी फ्लोरिडा, टेक्सास, लुईझियाना किंवा कॅरोलायनात असेल, तर पुढच्या रविवारच्या फोनवर तीन गोष्टी विचारून घ्या: घर समुद्रसपाटीपासून किती उंच, झोन कोणता, आणि निघायची वेळ आलीच तर कुणाकडे जाणार. उत्तरं मिळाली, तर मलाही कळवा. विमानं पुढच्या आठवड्यात नक्की.