विमानाची खिडकी : डावी की उजवी ?

धान्याच्या व्यापाऱ्याला माल पाहिल्यावाचून भाव करण्याची सवय नसते. पोत्यातून मूठभर दाणा तळहातावर घ्यावा, फुंकर घालून कोंडा उडवावा, एखादा दाणा दाताखाली चावून त्याची ओल पाहावी आणि मगच तोंडातून आकडा काढावा, ही आपली पिढीजात रीत. परंतु तोच व्यापारी विमानाचे तिकीट काढताना आसन मात्र मिळेल ते घेतो. आणि ज्या मुलखाचा माल जन्मभर तोलला, तो मुलूख खाली पसरलेला असता डोळे मिटून बसतो. आपल्या सभासद-बंधूंपैकी पुष्कळांना आता वर्षातून दोनचार वेळा विमानप्रवास घडतो. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

प्रथम दिशा. विमानाच्या नाकाकडे तोंड करून बसले असता ‘ए’ अक्षराचे आसन डाव्या खिडकीशी येते. रांगेत सहा आसने असलेल्या विमानात ‘एफ’ हे उजव्या खिडकीशी असते. एवढे ध्यानात धरून नकाशावर निघण्याचे व उतरण्याचे गाव एका सरळ रेषेने जोडावे. पूर्वेस जाताना डाव्या हातास उत्तर व उजव्या हातास दक्षिण. उत्तरेस जाताना डावीकडे पश्चिम व उजवीकडे पूर्व. येताना हे सर्व उलटे होते. जाताना ‘ए’ घेणाऱ्याने तोच प्रदेश पुन्हा पाहावयाचा असल्यास परतीस ‘एफ’ घ्यावे.

दुसरी गोष्ट सूर्याची. ज्या खिडकीवर ऊन येते तिच्यातून चकाकीमुळे काही दिसत नाही व अखेर पडदा ओढावा लागतो. सकाळी पश्चिमेकडील व सायंकाळी पूर्वेकडील खिडकी बरी. हिवाळ्यात आपल्याकडे सूर्य दिवसभर दक्षिणेस कललेला असतो, तेव्हा उत्तरेकडील खिडकी सर्वांत उत्तम.

तिसरी गोष्ट पंखाची. मोठ्या विमानांत मधल्या रांगांतून पंखच दिसतो, आणि त्यामागील काही रांगांतून इंजिनाच्या उष्ण हवेने खालचे दृश्य थरथरते. म्हणून पुढील रांग पाहावी. एटीआरसारख्या पंख्याच्या लहान विमानात पंख छतावर असतो. त्यामुळे मधल्या रांगेतूनही जमीन दिसते. शिवाय ते कमी उंचीवरून जात असल्याने बांध व ओढे अधिक स्पष्ट दिसतात.

आता आमच्याच भागाचे उदाहरण घेऊ. बेळगाव ते हैदराबाद ही रेषा ईशान्येकडे झुकत पूर्वेस जाते व कृष्णेचे खोरे ओलांडते. तिच्या डावीकडे विजापूर व कलबुर्गी येतात. हा शाळूचा व तुरीचा, बहुतांशी पावसावर विसंबलेला काळ्या मातीचा मुलूख. उजवीकडे रायचूरचा प्रदेश येतो. तेथे १९५३ साली पाणी अडविलेल्या तुंगभद्रा धरणाच्या कालव्यांवर भात पिकतो. आपल्या दुकानात तुरीचे पोते व सोना मसुरीचे पोते एकाच थप्पीशेजारी उभे असते. परंतु एकाचे नशीब ढगाच्या हाती व दुसऱ्याचे कालव्याच्या हाती, हे वरून पाहताना जसे मनावर ठसते तसे वखारीत ठसत नाही. हिवाळ्यात जाणाऱ्याने अर्थातच डावी बाजू घ्यावी.

निव्वळ सृष्टिशोभेची हौस असणाऱ्यांनी दिल्लीहून बागडोगऱ्यास जाताना डावी खिडकी सोडू नये. हवा निवळ असल्यास ८,८४९ मीटर उंचीचे एव्हरेस्ट व ८,५८६ मीटरचे कांचनगंगा ही दोन्ही शिखरे त्या बाजूस येतात. पस्तीस हजार फुटांवरून क्षितिज सुमारे ३७० किलोमीटर दूर असते. त्यामानाने ही शिखरे जवळच म्हणावयाची. आषाढ-श्रावणात मात्र सर्वत्र ढगच दिसावयाचे, आणि उन्हाळ्यात धुरकट हवा आड येते. पावसाळा सरल्यावरचे दिवस सर्वांत चांगले.

कित्येक विमानकंपन्या आसन निवडण्यासाठी निराळे पैसे घेतात. व्यापारी मन तेथे थबकणे स्वाभाविक आहे. तथापि हा खर्च केवळ चैनीचा मानू नये. एका फुकट गेलेल्या पावसाने तूर महागते, हे आपण बाजारभावाच्या कागदावर वाचतो. परंतु तलाव आटलेले, ओढे कोरडे पडलेले, मैलोगणती रान उघडे पडलेले, असे ज्याने एकदा वरून पाहिले, तो दारी आलेल्या शेतकऱ्याशी भाव करताना आवाज चढविणार नाही, व उचल मागावयास आलेल्यास उगाच ताटकळत ठेवणार नाही. खिडकीतून पाहून पिकाचा अंदाज बांधावा व सौदा करावा, असे मात्र माझे म्हणणे नाही. तसे करणारा लवकरच दुकान बंद करील!

गुडघेदुखीमुळे ज्यांना वाटेकडील आसन सोयीचे, त्यांनी खिडकी नातवंडांना द्यावी. पण निघण्यापूर्वी नकाशा उघडून कोणत्या हातास कोणती नदी येणार ते त्यांना सांगून ठेवावे. पुढे पेढीवर बसणाऱ्या मुलांनी आपला माल कोठून येतो हे एकदा तरी डोळ्यांनी पाहावे, एवढीच इच्छा.