क्षेपणास्त्राला डोळा असतो, ओळख नसते

२८ मे १९९९ चा दिवस. कारगिलच्या युद्धाला तोंड फुटले होते. द्रासजवळच्या तोलोलिंग शिखरावर दबा धरून बसलेल्या शत्रूवर भारतीय हवाई दलाची एमआय-१७ हेलिकॉप्टर्स रॉकेट्सचा मारा करीत होती. एवढ्यात डोंगरातून एक क्षेपणास्त्र सुटले आणि त्यांतल्या एका हेलिकॉप्टरवर जाऊन आदळले. हेलिकॉप्टरमधील चारही जण शहीद झाले.

ते क्षेपणास्त्र कुठल्याही मोठ्या तळावरून सुटलेले नव्हते. एकटा सैनिक खांद्यावर घेऊन डागू शकेल, असे ते शस्त्र होते. बंदुकीची गोळी एकदा सुटली की सरळ जाते. नेम चुकला तर चुकला. मग हे शस्त्र हवेत वळत असलेल्या हेलिकॉप्टरचा पाठलाग करते तरी कसे?

उष्णतेचा माग

तापलेल्या तव्याला हात न लावताही त्याची धग जाणवते. तव्यातून निघणारे अवरक्त किरण डोळ्यांना दिसत नसले तरी त्वचेला कळतात. विमानाचे किंवा हेलिकॉप्टरचे इंजिनही असेच तापते आणि आकाशाच्या थंड पार्श्वभूमीवर ते जणू दिव्यासारखे उठून दिसते. क्षेपणास्त्राच्या टोकाशी, काचेसारख्या पारदर्शक घुमटामागे बसवलेला डोळा हाच दिवा शोधतो.

ही कल्पना यशस्वी करून दाखवली ती अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात, चायना लेक येथील नौदलाच्या केंद्रात विल्यम मॅक्लीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांच्या क्षेपणास्त्राचे नाव साइडवाइंडर. हे मुळात वाळवंटातल्या एका विषारी सापाचे नाव आहे. हा साप भक्ष्याच्या अंगातली ऊब हेरून त्याच्यावर झडप घालतो.

पहिल्या साइडवाइंडरच्या डोळ्यासमोर नक्षीदार पट्ट्यांची एक चकती गरगर फिरत असे. पंख्याच्या फिरत्या पात्यांमधून पलीकडचा छोटा दिवा पाहिला तर तो लुकलुकताना दिसतो. मागची मोठी भिंत मात्र तशी लुकलुकत नाही. त्याचप्रमाणे चकतीमुळे इंजिनाचा छोटा ठिपका लुकलुके आणि मोठा उजळ ढग बाजूला पडे. त्या लुकलुकण्याच्या पद्धतीवरून लक्ष्य डावीकडे आहे की उजवीकडे, वर की खाली, हे यंत्राला कळे.

सप्टेंबर १९५८ मध्ये तैवानच्या सामुद्रधुनीवर झालेल्या हवाई लढायांत हे अस्त्र प्रथम युद्धात वापरले गेले. तिथे एक साइडवाइंडर चिनी मिग विमानात न फुटताच रुतून बसले आणि विमान ते घेऊन तळावर परतले! पुढे ते सोव्हिएत तंत्रज्ञांच्या हाती पडले आणि त्यावरून के-१३ हे क्षेपणास्त्र तयार झाले. भारताच्या मिग-२१ विमानांवर बसवले जाई ते हेच.

पाठलाग नव्हे, गाठभेट

लक्ष्य दिसले म्हणजे काम झाले असे नाही. कुत्रा सशामागे धावतो तसे क्षेपणास्त्र नुसते विमानामागे धावले, तर त्याचे इंधन वाटेतच संपेल. म्हणून ते विमान जिथे पोहोचणार असेल, तिथे आधीच निघते.

खलाशांचा एक जुना नियम आहे. समोरचे जहाज सतत एकाच दिशेला दिसत राहिले आणि मोठे मोठे होत गेले, तर टक्कर ठरलेली, ताबडतोब वळा. क्षेपणास्त्र नेमके उलट वागते. ही टक्कर टळू नये, असाच त्याचा प्रयत्न असतो. लक्ष्य दिसण्याची दिशा जराशी सरकली की त्याचे पंख हलतात आणि ती दिशा पुन्हा स्थिर होते. लक्ष्य कितीही वळले तरी हा हिशेब सेकंदात कित्येक वेळा होत राहतो. शेवटी आदळलेच पाहिजे असेही नाही. अनेक क्षेपणास्त्रे लक्ष्य पुरेसे जवळ आल्याचे ओळखून स्वतःच फुटतात.

दूरच्या लक्ष्यासाठी उष्णतेऐवजी रडारचा उपयोग होतो. भारताच्या ‘आकाश’ला जमिनीवरचे रडार वाट दाखवते, तर ‘अस्त्र’ अखेरच्या टप्प्यात स्वतःच्या रडारने लक्ष्य शोधते.

चोरावर मोर

डोळा उष्णता शोधत असेल, तर त्याला अधिक उष्ण काहीतरी दाखवले की तो फसतो. सुरुवातीची क्षेपणास्त्रे तर कधी कधी सूर्याकडेच वळत! म्हणून संकटात सापडलेली विमाने ‘फ्लेअर’ सोडतात. या मॅग्नेशियमच्या धगधगत्या फुलबाज्या इंजिनापेक्षाही प्रखर असतात. तोलोलिंगवर पडलेल्या त्या हेलिकॉप्टरवर फ्लेअर सोडणारे यंत्र नव्हते. त्यानंतर हल्ल्यासाठी हेलिकॉप्टर्स वापरणे थांबले आणि विमाने खांद्यावरच्या क्षेपणास्त्रांच्या टप्प्याबाहेर, अधिक उंचीवरून मारा करू लागली.

क्षेपणास्त्रांचे डोळेही मग सुधारले. आर्गॉन किंवा नायट्रोजन वायूने हा डोळा शून्याखाली दीडशे अंशांहूनही अधिक थंड केला जातो, म्हणजे त्याला मंद ऊबही कळते. नव्या क्षेपणास्त्रांना नुसता ठिपका नव्हे, तर आकृती दिसते. रणगाडे टिपणारे आपले ‘नाग’ याच जातीचे.

एवढे मात्र त्याला कळत नाही

२७ फेब्रुवारी २०१९ रोजी श्रीनगरजवळ बडगाम येथे आणखी एक एमआय-१७ कोसळले. सहा हवाई सैनिक आणि जमिनीवरचा एक नागरिक मृत्युमुखी पडले. या वेळी क्षेपणास्त्र शत्रूचे नव्हते, भारतीय हवाई दलाचेच होते. ही मोठी चूक झाल्याचे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हवाई दलप्रमुखांनी जाहीरपणे मान्य केले.

१९८८ मध्ये इराणचे प्रवासी विमान अमेरिकी युद्धनौकेच्या क्षेपणास्त्राने पडले. २९० जण गेले. २०१४ मध्ये युक्रेनवर मलेशियाचे प्रवासी विमान असेच पाडले गेले. २९८ जण गेले. तिन्ही वेळा क्षेपणास्त्राने आपले काम चोख केले होते.

कारण समोर इंजिन आहे किंवा रडारचा प्रतिध्वनी येतो आहे, एवढेच त्याला समजते. आत कोण बसले आहे, हे नाही. ‘मित्र की शत्रू’ हे विचारणारी सांकेतिक यंत्रणा असते. जमिनीवरचे रडार विचारते आणि विमानातले यंत्र उत्तर देते. पण उत्तर का आले नाही याचा विचार माणसालाच करावा लागतो, आणि तोही कळ दाबण्यापूर्वी. त्यानंतर उरतात ते काही सेकंद, आणि त्या सेकंदांत क्षेपणास्त्र कधी विसरत नाही, थकत नाही आणि कुणालाही काही विचारत नाही.