डबा बंद झाल्यानंतरची सहा वर्षं

जून 2019 मध्ये मुलगी शिकायला नागपूरला गेली आणि आमच्या घरातला पहाटेचा डबा बंद झाला. पाचला उठायचं, कणीक भिजवायची, भाजी फोडणीला टाकायची आणि सव्वासहाच्या आत डबा भरून दाराशी ठेवायचा, असा कित्येक वर्षांचा क्रम होता. ती गेली तरी जाग पाचलाच येत राहिली. आमचे दोघांचे ऑफिसचे डबे साडेआठला लागतात, त्यामुळे पहाटेचा तास-सव्वा तास एकदम मोकळा झाला. त्या वेळात मी आधी चालायला आणि मग पळायला लागले. पुढच्या वर्षी रोज एक पान लिहिणं त्याला जोडलं गेलं. क्रोशाची सुई त्याआधीपासून हातात होती, पण सणासुदीपुरती. ती रोजची झाली 2020 मध्ये. आज ही तिन्ही कामं चालू आहेत. मधल्या काळात काय टिकलं, कशामुळे टिकलं आणि कुठे सगळंच सुटायच्या बेताला आलं होतं, हे आता नीट दिसायला लागलं आहे.

लोक म्हणतात, तुझी चिकाटी मोठी. मला हे पटत नाही. माझ्या आईनं आणि मावश्यांनी वर्षानुवर्षं रोज उंबऱ्यापाशी रांगोळी काढली. संध्याकाळपर्यंत ती पुसून जायची, दुसऱ्या दिवशी नवी. त्यांच्या चिकाटीचं कुणी कधी कौतुक केलं नाही. सडा टाकला की रांगोळी काढायची, एवढंच होतं. सडा चुकत नव्हता म्हणून रांगोळी चुकत नव्हती. या सहा वर्षांत माझं मत असं झालंय, की रोजचं सर्जक काम कुठल्या तरी न चुकणाऱ्या खुंटीला टांगावं लागतं. खुंटी असेल तर उत्साह नसलेल्या दिवशीही ते होतं. खुंटी निघाली, तर भला उत्साही माणूसही महिन्याभरात थांबतो.

याचा सर्वांत मोठा दाखला आपल्या जात्यावरच्या ओव्यांचा आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांना बरोबर घेऊन महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या गोळा केल्या. त्या गाणाऱ्या बायकांची संख्या तीन हजारांच्या वर आहे. 2017 पासून ‘पारी’ हे ग्रामीण भारताचं संग्रहालय या ओव्या लोकांपुढे आणतं आहे आणि विणताना मी त्या पुष्कळदा ऐकते. माहेर, भाऊ, विठ्ठल, सासुरवास, बाबासाहेब, सगळं त्यांत आहे. यांतल्या कुठल्याही बाईनं कवितेसाठी वेगळी वेळ काढलेली नव्हती. पहाटे दळायला बसलं की ओवी येत होती. मग गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या आणि बायकांचे ते कष्ट वाचले. ते वाचले हे फार चांगलं झालं. पण त्या कष्टांबरोबर ओवीची वेळही गेली. जुन्या ओव्या पाठ राहिल्या, नव्या रचल्या जाणं मात्र जवळपास थांबलं. त्या बायकांची प्रतिभा आटली नव्हती. तिला रोज बसायला जागा उरली नव्हती.

माझ्या धावण्याला दोन आधार मिळाले: पाचची जाग आणि घरापासून दहा मिनिटांवरची वेताळ टेकडी. ही पुणे शहरातली सर्वांत उंच टेकडी, समुद्रसपाटीपासून आठशे मीटरच्या आसपास. माथ्यावर वेताळाचं देऊळ आहे, एका बाजूला दगडाची जुनी खाण आणि तिच्यात साठलेलं पाणी. गिरिपुष्पाची झाडं फेब्रुवारीत पानं टाकून फिक्या गुलाबी फुलांनी भरतात. पावसाळ्यात मोरांची ओरड टेकडीभर घुमते आणि बुटांना चिखल असा चिकटतो की पाय उचलवत नाही. ते दोन-तीन महिने मी खालच्या डांबरी रस्त्यावर पळते. पहिल्या हंगामात दोन मिनिटं पळायचं आणि एक मिनिट चालायचं, असं करत गेले. शेजारच्या माणसाशी गप्पा मारता येतील इतकाच वेग ठेवायचा, हा नियम तेव्हापासून आहे आणि तो मी कुणालाही सांगेन.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. मी आठवड्यातून चारच दिवस पळते. पन्नाशीच्या आसपासच्या शरीराला मधे विसावा लागतो, आणि सवय मोडू नये म्हणून रोज पळण्याचा हट्ट गुडघ्यांना मानवत नाही. रोजचं आहे ते बूट घालून सव्वापाचला दाराबाहेर पडणं. उरलेले तीन दिवस मी टेकडी नुसती चालून येते. 2023 मध्ये पावसाळा संपताना साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये पळाले. ही स्पर्धा 2012 पासून भरते. 21 किलोमीटरमधला पहिला अर्धा भाग यवतेश्वरचा घाट चढण्यात जातो आणि मग तोच घाट उतरायचा. ढग रस्त्यावर उतरलेले होते, पुढच्या माणसाची फक्त पाठ दिसत होती. शेवटी मेडल गळ्यात पडलं, आनंद झाला. पण स्पर्धेनं सवय टिकते असं मला वाटत नाही. साताऱ्याहून आल्यावर माझ्या ओळखीतल्या दोघींचं पळणं थांबलं, कारण त्या ज्यासाठी पळत होत्या ते होऊन गेलं होतं.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये पुणेकर टेकडी वाचवण्यासाठी मोठ्या संख्येनं रस्त्यावर उतरले. बालभारती ते पौड फाटा रस्ता आणि टेकडीच्या पोटातून बोगदे, असे प्रस्ताव होते. मीही त्या मोर्चात होते. टेकडी म्हणजे पाणी, झाडं, हवा, हे सगळे मुद्दे खरेच आहेत. त्यात मी माझा एक मिळवते: पहाटेच्या अंधारात एकट्या बाईला निर्धास्तपणे पळता येईल अशा जागा शहरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. तिथे रोजची माणसं असतात, एकमेकांची नावं माहीत नसली तरी चेहरे माहीत असतात. अशी जागा गेली तर अनेक बायकांचं धावणं तिच्याबरोबर जाईल.

लिहिण्याची वेळ टेकडीवरून परत आल्यानंतरची. घाम जिरेपर्यंत आंघोळीला जायचं नसतं, तेवढी वीसेक मिनिटं जेवणाच्या टेबलावर दोनशे पानी वही उघडलेली असते. एक पान, त्याहून जास्त नाही. मनात आणखी असलं तरी पान संपलं की थांबायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी कुठून सुरू करायचं ते माहीत असतं. मी नोकरी करते त्या बँकेत पेन्शनच्या कामासाठी आलेले आजोबा, आईच्या आठवणीतलं सांगलीचं घर, टेकडीवर दिसलेला स्वर्गीय नर्तक पक्षी, असं काहीही त्या पानावर येतं. यातलं छापण्याजोगं थोडंच. तरी या पानांखेरीज मी जे थोडंफार मासिकांसाठी लिहिलं ते लिहून झालं नसतं, याची मला खात्री आहे.

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात 9 ते 13 फेब्रुवारी 1933 या पाच दिवसांत लिहिलं, हे आपण शाळेपासून ऐकतो आणि प्रतिभेचा चमत्कार म्हणून सांगतो. त्याआधीची एक गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना गुरुजींनी वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक चालवलं. दैनिक म्हणजे रोज! शाळा, मुलांची आजारपणं, वसतिगृहाची झाडलोट हे सगळं सांभाळून हा माणूस मुलं वाचतील म्हणून रोज लिहीत होता. सोप्या वाक्यात, थेट मुलांशी बोलावं तसं लिहायचा हात तिथे बसला. पाच दिवसांतल्या त्या पुस्तकामागे अमळनेरची ती वर्षं आहेत, असं माझं ठाम मत आहे.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदीमुळे टेकडी बंद झाली. मुलगी घरी परतली, बँक मात्र चालू होती. पहाटे गच्चीवर फेऱ्या मारायचे आणि रात्री क्रोशा घेऊन बसायचे. विणायला लागलं की बातम्यांचा आवाज आपोआप मागे जायचा. सुरुवात ग्रॅनी स्क्वेअरपासून केली. चार साखळ्या घालून त्यांचं कडं करायचं. तीन साखळ्यांचा पहिला खांब, त्याच कड्यात शेजारी दोन खांब, मग कोपऱ्यासाठी दोन साखळ्या. पुन्हा तीन खांब, पुन्हा कोपरा. असे चार गट झाले की चौकोनाची पहिली फेरी पुरी होते. डाव्या हाताच्या तर्जनीवरून येणारी लोकर किती ताणायची, यावर सगळं अवलंबून. फार ताणली तर चौकोन आक्रसतो, सैल सोडली तर कडा लहरतात. आईकडे तेव्हा फोनवर विचारणा व्हायची, आणि ती न पाहता नुसत्या आवाजावरून सांगायची, “घट्ट धरतेयस, खांदे खाली सोड.” दुकानं उघडल्यावर तुळशीबागेतून लोकरीचे गुंडे आले आणि त्यांतून पहिलं दुपटं झालं. ते आता भाचीच्या मुलाच्या अंगावर आहे.

2021 च्या उन्हाळ्यात आई आजारी पडली. तिला पुण्याला आणलं, दवाखान्यात ठेवलं, आणि माझी पहाट तिच्याकडे गेली. धावणं बंद, वही बंद. त्या दोन महिन्यांत चालू राहिलं ते फक्त विणकाम, कारण दवाखान्यातल्या बाकावर वाट पाहण्याला अंत नव्हता आणि पिशवीत सुई होती. वेगवेगळ्या वेळांना टांगलेली कामं असल्याचा उपयोग मला तेव्हा कळला. एक वेळ हिरावली गेली तरी दुसरी उरते. पुढे आई बरी होऊन आमच्याकडेच राहायला आली आणि पहाट मला परत मिळाली. पहिल्या आठवड्यात बूट घातले, दुसऱ्यात वही उघडली. फारसं काही नव्यानं उभारावं लागलं नाही.

खंड पडला की सगळं संपलं, ही भीती बहुतेकांना असते. एकवीस दिवसांत सवय लागते, हे वाक्यही कानावर असतं. त्याचा उगम मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या 1960 मधल्या पुस्तकात आहे. त्यानं रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला लागणाऱ्या काळाबद्दल लिहिलं होतं. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 स्वयंसेवकांवर प्रत्यक्ष अभ्यास केला. एखादी कृती आपसूक व्हायला लागायला सरासरी 66 दिवस लागले, पण कुणाला 18, तर कुणाच्या बाबतीत अंदाज 254 दिवसांपर्यंत गेला. आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा निष्कर्ष असा, की मधे एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. त्यांनी स्वयंसेवकांना कृती निवडताना ‘जेवणानंतर’ अशी रोजची ठरलेली घटना तिच्याशी जोडायला सांगितलं होतं. सडा टाकल्यावर रांगोळी काढायची, ही आईची रीत तीच.

नुसता आकडा ठरवून काय होतं, याचं उदाहरण आपल्या इतिहासात आहे. 1924 च्या बेळगाव काँग्रेसमध्ये सभासदत्वासाठी दरमहा 2000 वार सूत द्यायचं ठरलं. महिन्याच्या तीस दिवसांत वाटलं तर रोज सत्तर वारांच्या आतच पडतं. स्वतः कातायचं नसेल तर दुसऱ्यानं कातलेलं द्यायची सवलत होती, आणि पुढच्याच वर्षी चार आणे वर्गणीचा पर्याय परत आला. गांधीजी आणि विनोबा मात्र कातत राहिले, कारण त्यांच्या दिनक्रमात चरख्याची जागा प्रार्थनेइतकीच पक्की होती.

गेल्या दोन वर्षांत आई आणि मी मिळून गोधडी शिवतो. आजीची जुनी सुती लुगडी फरशीवर एकावर एक अंथरायची, सुरकुती राहू द्यायची नाही, कडा आधी टाचून घ्यायच्या आणि मग बाहेरून आत धावदोरा घालत जायचं, दोन ओळींत बोटभर अंतर. आईची ओळ अजून माझ्यापेक्षा सरळ येते. तिचा हात दुपारच्या चहानंतर चालतो, माझा रात्रीच्या जेवणानंतर, आणि सकाळी पाहावं तर गोधडी दोन्हीकडून पुढे सरकलेली असते.

बँकेतल्या मुली मला विचारतात, सुरुवात कशी करू. मी त्यांना सांगते, तिन्ही कामं एकदम घेऊ नका. तुमच्या दिवसात अजिबात न चुकणारी एक वेळ शोधा. बाळ झोपल्यानंतरची असेल, लोकलमधली असेल, कुकर लावल्यानंतरची असेल. तिच्यापुढे एकच काम ठेवा, तेही आजारी असतानासुद्धा करता येईल इतकं लहान. वही टेबलावर उघडी राहू द्या, सुई पिशवीत असू द्या, बूट दाराशी. दुसरं काम पुढच्या वर्षी घ्या.