आधी ऐकून घ्यावे

चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये पॅरीज कॉर्नरपासून मिंट स्ट्रीटपर्यंत दिवसभर व्यवहारांची वर्दळ असते. अशा गर्दीत नित्याच्या ग्राहकाचे वा शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याचे अबोल होणे सहज नजरेतून सुटते. जेवण टाळणे, झोप उडणे, सोप्या नोंदींत वारंवार चुका होणे, ‘आता माझा कोणाला उपयोग नाही’ असे बोलून जाणे, हा केवळ थकवा मानू नये.

याच शहरात डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ साली आत्महत्या-प्रतिबंधासाठी ‘स्नेहा’ ही संस्था स्थापन केली. तेथील स्वयंसेवक उपदेश करीत नाहीत, ऐकून घेतात. आपल्याला नेमके हेच जड जाते; सल्ला देण्याची आपली हौस दांडगी! जीव देण्याचे विचार येतात का, असे थेट विचारल्याने ते बळावतात ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने अनेकदा मन मोकळे होते. उत्तर होकारार्थी आल्यास त्या व्यक्तीस एकटे सोडू नये. विश्वासातील आप्तांना कळवावे व मनोविकारतज्ज्ञांकडे स्वतः सोबत जावे.

‘टेली मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. बदलीच्या गावी एकट्याने राहणाऱ्यांनी तो स्वतःसाठीही टिपून ठेवावा.