पहिलीं दहा मिनिटें

(नभोवाणीवरील भाषण)

श्रोतेहो, आज सकाळीं आपण नळाखालीं तांब्या धरला, तेव्हां पाण्याला येणारा किंचित् उग्र वास आपल्या लक्षांत आला असेल. किंवा संवयीमुळें तो आतां जाणवतहि नसेल. तो वास क्लोरीनचा. शहराचें पाणी निर्जंतुक करण्याकरितां हा वायु वापरतात. कागद, कापड, औषधें, प्लॅस्टिक अशा कित्येक धंद्यांनाहि तो लागतो. कारखान्यांत तो येतो लोखंडी पिंपांत, दाबाखालीं कोंडलेल्या द्रवाच्या रूपानें. एका मोठ्या पिंपांत सुमारें ९०० किलो क्लोरीन मावतो. पाण्यांत बेतानें मिसळला म्हणजे जो आपला रक्षक, तोच पिंपाची झडप निसटली म्हणजे काळ होतो.

असा प्रसंग ओढवला असतां त्याला तोंड देणाऱ्या तुकड्या कारखान्यांत कशा उभ्या कराव्या आणि त्यांना कसें शिकवावें, हा आजचा विषय आहे. कोणाला तो रुक्ष वाटेल. परंतु ज्या घरांतील एक तरी माणूस रात्रपाळीला जातो, त्या घराला तो तसा वाटणार नाहीं.

समजा, रात्रीचे दोन वाजले आहेत. पिंपाच्या झडपेशीं क्लोरीन फुसफुसूं लागला. हा वायु हवेपेक्षां सुमारें अडीचपट जड. तो वर उडून जात नाहीं, तर हिरवट पिवळ्या धुक्यासारखा जमिनीलगत पसरतो आणि गटारांत, तळघरांत सांचतो. जवळ काम करणारा फिटर खोकत खालीं कोसळतो. त्याचा सोबती दुरून तें पाहतो आणि मागचापुढचा विचार न करितां नाकाला रुमाल लावून आंत धांवतो. तोहि पडतो. मग त्या दोघांना काढावयास तिसरा धांवतो.

ही गोष्ट मी रचून सांगितली असली तरी तिच्यांतील क्रम काल्पनिक नाहीं. टाक्या, गटारें, खोल खड्डे अशा कोंडलेल्या जागांतील अपघातांविषयीं अमेरिकेच्या सरकारी कामगार-आरोग्य संस्थेनें १९८६ सालीं एक इशारा दिला होता. त्यांत म्हटलें होतें कीं, अशा ठिकाणीं मृत्यु पावलेल्यांपैकीं शेंकडा ६० हून अधिक लोक दुसऱ्याला सोडवावयास गेलेले होते. आपल्याकडेहि मैल्याच्या टाकींत एकामागून एक उतरलेल्या अभाग्यांच्या बातम्या आपण वाचतोंच. धैर्याची उणीव सहसा कोठेंच नसते. उणीव असते ती तालमीची. आणि तालमीवांचूनचें धैर्य एका मृत्यूचे तीन करून ठेवतें.

मग बाहेरची मदत बोलवावी, हें उत्तर सहज सुचतें. ती बोलावलीच पाहिजे. परंतु आगीचा बंब कितीहि तत्पर असला, तरी रस्ता, फाटक आणि अनोळखी इमारतींचें जाळें ओलांडून यावयास त्याला वेळ लागणारच. इकडे श्वास बंद पडलेल्या माणसाच्या मेंदूला सुमारें चार मिनिटांनंतर इजा होऊं लागते. म्हणून पहिलीं दहा मिनिटें हीं कारखान्यांतल्याच माणसांचीं असतात. त्यांत जें होईल तें त्यांच्याच हातून होईल, आणि जें चुकेल तेंहि त्यांच्याच हातून चुकेल.

तुकडी निवडतांना पुष्कळदां चूक होते ती ही, कीं धट्टेकट्टे तरुण तेवढे पुढें केले जातात. शरीर निरोगी हवें हें खरें. डॉक्टरानें छाती व हृदय तपासलेलें असावें. बंद मुखवट्यांत जीव घाबरणारा माणूस नसावा. परंतु कोणता नळ कोठून कोठें जातो आणि कोणती झडप कोणत्या बाजूला फिरते, हें अंधारांतहि सांगणारा जुना मुकादम तितकाच मोलाचा. गळती थांबविणारे, माणसें बाहेर काढणारे, आग विझविणारे, प्रथमोपचार करणारे, निरोप देणारा आणि जमण्याच्या ठिकाणीं हजेरी घेणारा, अशीं कामें वांटून दिलेलीं असावीं. हजेरी घेणाऱ्याचें काम क्षुल्लक वाटतें. पण आंत कोणी राहिलें आहे कीं नाहीं हें कळल्यावांचून तुकडीला पुन्हां आंत पाठविणें हा निव्वळ जुगार आहे. त्या यादींत कंत्राटी कामगार, मालमोटारीचा चालक आणि त्या दिवशींचा पाहुणा यांचींहि नांवें असलीं पाहिजेत. शिवाय प्रत्येक पाळीला, रविवारीं व सणाच्या दिवशींसुद्धां, तुकडी पुरी असावी; दिवाळींत रजेवर गेलेल्याच्या जागीं कोण, हें आधींच ठरलेलें असावें. संकट हजेरीपट पाहून येत नाहीं.

दुसरी गोष्ट एकमुखी हुकमाची. तिचा धडा मुंबईनें फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. १४ एप्रिल १९४४ रोजीं व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. त्याच्या पोटांत कापसाच्या गांठी होत्या आणि दारूगोळाहि होता. जहाज बुडवावें, समुद्रांत ओढून न्यावें, कीं जागच्या जागींच आग विझवावी, याविषयीं मतें अनेक होतीं. सर्वांना बांधील असा एक हुकूम देणारा मात्र कोणी नव्हता. दुपारचे चार वाजून गेल्यावर स्फोट झाला आणि आग विझवीत असलेले ६६ बंबवाले कामीं आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस आपल्या देशांत अग्निशमन सेवादिन म्हणून पाळला जातो. त्यांच्या शौर्यांत तिळमात्र उणें नव्हतें. म्हणूनच कारखान्यांत अपघाताच्या जागीं हुकूम देणारा एकच असावा, आणि तो कोण हें अंगांतील रंगीत बंडीवरून दुरूनच ओळखतां यावें. वरचा अधिकारी धांवत आला, तरी त्यानें रीतसर सूत्रें हातीं घेईपर्यंत हुकूम त्या बंडीवाल्याचाच.

आतां शिक्षणाकडे वळूं. त्याची पहिली पायरी ज्ञानाची. क्लोरीनचें पिंप गळूं लागलें तर त्यावर पाणी मारूं नये. पाण्याच्या उबेनें वायु अधिक सुटतो आणि ओला क्लोरीन लोखंड खाऊन भोंक मोठें करतो. पिंप असें फिरवावें कीं भोंक वरच्या अंगाला येईल; मग द्रव न सांडतां वायु तेवढा निघतो. यानें काय साधतें? एक माप द्रवापासून सुमारें साडेचारशें मापें वायु होतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे उत्तर मिळतें. गळतीची नेमकी जागा शोधावयाची तर अमोनियाच्या पाण्यांत भिजविलेला बोळा काठीला बांधून जवळ न्यावा. जेथें पांढरा धूर उठेल तेथें गळती. एवढें शास्त्र तुकडींतील प्रत्येकाला कळलें पाहिजे. ज्याला हेतु कळला, तो नियम विसरत नाहीं.

दुसरी पायरी हातांची. पाठीवर हवेची नळकांडी बांधून आंत जावयाचें. ती साधारण अर्धा तास पुरते. धापा टाकणाऱ्याला त्याहूनहि कमी. हवा संपत आली म्हणजे शिटी वाजते, आणि शिटी वाजली कीं मागें फिरावयाचें, मग पडलेला सोबती दहा पावलांवर कां असेना. हा नियम कठोर वाटतो. पण त्याच्यासाठीं नवी हवा घेतलेले दुसरे दोघे बाहेर सज्ज उभे असतात, म्हणूनच तो पाळतां येतो. मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे. दाढीच्या खुंटांतूनहि वायु आंत शिरतो. आंत एकट्यानें कधींच जाऊं नये. हें सर्व प्रथम उजेडांत, मग डोळे बांधून, मग निरुपद्रवी धुरानें भरलेल्या खोलींत, इतक्या वेळां करवावें कीं हात आपोआप चालूं लागतील. तसेंच, जखमीला मोकळ्या हवेंत आणून त्याचे दूषित कपडे उतरविणें, डोळे निदान पंधरा मिनिटें पाण्यानें धुणें, त्याला चालूं न देणें, आणि ‘आतां बरें वाटतें’ असें तो म्हणाला तरी डॉक्टरांच्या नजरेखालीं ठेवणें, याचाहि सराव हवा. या वायूनें फुप्फुसांत पाणी होणें कांहीं तासांनंतरहि सुरू होऊं शकतें.

तिसरी पायरी रंगीत तालमीची. आपल्या नाटकमंडळ्या तिच्यावांचून पडदा वर नेत नाहींत. घातक रसायनांविषयींच्या १९८९ च्या नियमांनीं मोठा साठा बाळगणाऱ्या कारखान्यांना दर सहा महिन्यांनीं अशी तालीम घेणें बंधनकारक केलें. पण नियम पाळणें निराळें आणि तालीम करणें निराळें. सकाळीं अकराला, आधीं वर्दी देऊन, पाहुण्यांसमक्ष भोंगा वाजवावा, छायाचित्रें काढावीं, चहा घेऊन पांगावें. यानें नोंदवही भरते, माणसें तयार होत नाहींत. खरी तालीम रात्रीं, वर्दी न देतां घ्यावी. ती चालू असतां मुख्य माणूस ‘जखमी झाला’ असें जाहीर करावें; दूरध्वनि ‘बंद पडला’ असें ठरवावें; मग काय होतें तें घड्याळ लावून पाहावें. अशा तालमींत कांहीं तरी चुकणारच, आणि चुकलें तरच ती उपयोगी. जींत कांहींच चुकलें नाहीं ती तालीम नव्हे, समारंभ होय. तालीम संपतांच सर्वांनीं एकत्र बसावें, वयानें लहान असेल त्यानें आधीं बोलावें, कोणालाहि दोष देऊं नये. आणि कोणती उणीव कोण किती दिवसांत दूर करणार तें लिहून ठेवावें.

शेवटची गोष्ट कुंपणाबाहेरची. १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्रीं भोपाळच्या कारखान्यांतून सुमारें ४० टन मिथिल आयसोसायनेट बाहेर पडला. संकट आवरणारीं यंत्रें त्या वेळीं बंद वा अपुरीं होतीं. वाऱ्याची दिशा पाहून उलट बाजूला निघालेले आंतले बहुतेक कामगार वांचले. बाहेरच्या वस्तीला सावध करणारा भोंगा मात्र थोड्याच मिनिटांत थांबविण्यांत आला. तो पुन्हां वाजला तोंवर वायु घरोघर शिरला होता. वायु वाहत होता त्याच दिशेनें कित्येक पळाले. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाहि तो कोणता, हें कळलें नव्हतें. त्या रात्रीं आणि त्यानंतर हजारों माणसें मेलीं. जी तुकडी कुंपणाबाहेरच्या शेजाऱ्याला सांगावयास शिकली नाहीं, तिचें शिक्षण अपुरें आहे, हें भोपाळनें दाखविलें.

म्हणून, श्रोतेहो, आपलें घर कारखान्याजवळ असेल तर तेथील भोंग्याचा संकेत काय, हें एकदां विचारून ठेवा. क्लोरीनसारखा जड वायु आला तर दारेंखिडक्या बंद करून वरच्या मजल्यावर जावें; बाहेर असाल तर वाऱ्याला आडवें चालून उंच जागा गांठावी. आणि आपल्या घरांतून जो कामावर जातो, त्याला आज पानावर बसल्यावर तीन प्रश्न विचारा: भोंगा वाजला तर तूं कोठें जमतोस? तेथें तुझें नांव कोण पुकारतो? शेवटची तालीम केव्हां झाली? उत्तरें चटकन् आलीं तर निश्चिंत निजा. तो घुटमळला, तर तेच प्रश्न उद्यां त्यानें मुकादमाला आणि मुकादमानें साहेबांना विचारावे. तालमीचा आरंभ अशा एखाद्या प्रश्नानेंहि होऊं शकतो.