विश्लेषण : घागर प्लास्टिकची झाली, आकार मात्र जुनाच का?

पुणे-बेंगळूरु महामार्ग सोडून वाठारहून आत वळले की पेठ वडगाव लागते. हातकणंगले तालुक्यातल्या अशा बाजाराच्या गावात भांड्यांच्या दुकानासमोर उभे राहिले, की पितळेची, स्टीलची आणि रंगीत प्लास्टिकची घागर शेजारी-शेजारी दिसते. वजन, किंमत, चमक सगळे वेगळे. फुगीर पोट, आवळलेली मान आणि बाहेर वळलेला काठ मात्र तिन्हींना सारखाच. प्लास्टिकला तर हवा तो आकार देता येतो. मग चौकोनी घागर का आली नाही?

मान कशासाठी?

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. 15 लिटरची घागर भरली की डोक्यावर 15 किलो, भांड्याचे वजन वेगळेच. चालताना हे पाणी हिंदकळते. तोंड बादलीसारखे रुंद असेल तर ते पावलागणिक सांडते; मान अरुंद असली की हेलकावा आतल्या आत जिरतो. घागर कमरेवर घेतली की हाताचा विळखा मानेभोवती बसतो आणि पोटाचा भार कमरेच्या हाडावर टेकतो. बाहेर वळलेल्या काठामुळे विहिरीत सोडताना दोराचा फास निसटत नाही. पत्र्याच्या भांड्यात हा काठ दुमडलेला असतो, त्यामुळे बोट कापत नाही आणि पातळ पत्राही सहसा चेपत नाही.

बुडाचा गोलपणा मातीच्या घड्याकडून आला. मातीला कोपरे मानवत नाहीत, तडा तिथेच जातो. शिवाय गोल बूड चुंबळीत नीट बसते आणि राखेने घासताना हात सगळीकडे पोचतो. फरशीवर मात्र ते डगमगते, म्हणून आजच्या स्टील-प्लास्टिकच्या घागरींना खाली सपाट बैठक असते.

तांब्याच्या जुन्या भांड्यांवरचे ठोके, म्हणजे मठारकाम, आज शोभेचे वाटते. तांबे मुळात मऊ, तापवले की आणखी मऊ पडते. थंड पत्र्यावर हातोडीचे ठोके बसले की तो कडक होतो. तांबट ठोके मारत होते ते भांडे टिकावे म्हणून. शोभा मागाहून आली. गंमत म्हणजे आता यंत्रावर दाबून काढलेल्या भांड्यांवरही असे ठोके मुद्दाम उठवतात. गिऱ्हाइकाला ते अस्सल वाटतात!

हे ठरवले कुणी?

हाच प्रश्न चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी डिझाइनर दाम्पत्याला पडला होता. भारत सरकारच्या निमंत्रणावरून ते देशभर फिरले आणि 1958 मध्ये त्यांनी अहवाल दिला. इथल्या सगळ्या वस्तूंत त्यांना सर्वाधिक भावला तो साधा लोटा, म्हणजे आपला तांब्या. असे भांडे नव्याने घडवायचे तर काय काय विचारात घ्यावे लागेल, याची त्यांनी लांबलचक यादीच केली : पाणी किती, ते डोक्यावरून न्यायचे की कमरेवरून, भरल्यावर आणि रिकामे असताना तोल कुठे, ओतताना धार कशी पडते, वाजवले तर नाद कसा, हात बाईचा की पुरुषाचा. हा आकार कुणा एकाने आखलेला नाही, अनेक पिढ्यांच्या अनेक हातांनी तो घडवला, असे त्यांचे म्हणणे. याच अहवालाच्या आधारे 1961 मध्ये अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली.

मग प्लास्टिकने काय बदलले?

गरम प्लास्टिकची नळी साच्यात धरून आत हवा फुंकली की क्षणात घागर तयार होते. जोड नाही, डाक नाही, कल्हई नाही. बाईच्या डोक्यावरचे भांड्याचे ओझे त्यामुळे हलके झाले, ही मोठी सुटका होती. पण पाण्याचे वजन तेवढेच राहिले आणि वाहणारे डोके, कंबरही तीच. त्यामुळे साचाही जुन्या घागरीचाच निघाला.

पाणी दुचाकीवरून आणायचे झाले तेव्हा मात्र भांडे बदलले. घट्ट झाकणाचा, सपाट बाजूंचा, वर मूठ असलेला कॅन गाडीला अडकवता येतो. ही गाडी बहुतेक ठिकाणी पुरुष चालवतो. दक्षिण आफ्रिकेत 1991 मध्ये पाणी थेट जमिनीवरून ढकलत नेण्याचे पिंप निघाले. त्यात 90 लिटर, म्हणजे सहा घागरी मावतात. आपल्याकडे घागरीच्या धातूत, रंगात आणि बुडात बदल झाले, पण ओझे डोक्यावरून खाली कसे उतरेल याचा विचार फारसा झाला नाही.

ग्रामीण भागात घरोघरी नळ देण्यासाठी 15 ऑगस्ट 2019 रोजी जल जीवन मिशन जाहीर झाले. नळ दारात आला आणि त्याला रोज पाणी आले, तर घागरीचे काम लग्नातल्या मानापुरते आणि पूजेपुरते उरते. पाणी एक दिवसाआड येत असेल तर साठवणीसाठी पिंप घ्यावे लागते. पिंपाला मान नसते. भरलेले पिंप कुणी कमरेवर घेत नाही.