चिनी बोलपट : लिपी एक, बोली अनेक

चिनी चित्रपटाचा इतिहास सामान्यतः राजकीय घटनांच्या अनुरोधाने सांगितला जातो. भाषेच्या अंगाने पाहिल्यास त्यात एक निराळे सूत्र आढळते. मँडरिन, कँटनीज, होक्किएन यांना ‘बोली’ म्हणण्याचा प्रघात असला, तरी एकीच्या भाषकाला दुसरी ऐकून कळत नाही. प्रमाण लेखी भाषा मात्र सर्व साक्षरांना वाचता येते. या विसंगतीने चिनी चित्रपटाचा भूगोल कसा घडविला, हे येथे थोडक्यात पाहावयाचे आहे.

मूकपटांच्या काळात ही अडचण नव्हती. शांघायच्या मूकपटांतील संवाद पाट्यांवर लिहिलेले असत; ते कँटनमध्येही वाचता येत आणि सिंगापुरातही. १९३१ साली चिनी चित्रपट बोलू लागला आणि त्याने कोणत्या भाषेत बोलावे, हा प्रश्न उभा राहिला. शांघायच्या त्यानयी कंपनीने १९३३ मध्ये ‘श्वेतसुवर्ण नाग’ हा कँटनीज बोलपट काढला. दक्षिण चीन व आग्नेय आशियातील कँटनीज भाषकांनी तो उचलून धरला, आणि लवकरच कंपनीने हाँगकाँगमध्ये स्टुडिओ थाटला. राष्ट्रभाषेच्या प्रसारासाठी कँटनीज बोलपटांवर बंदी आणण्याचा नानकिंग सरकारचा बेत १९३७ च्या युद्धामुळे तडीस गेला नाही.

युद्ध आणि १९४९ ची क्रांती यांमुळे शांघायचे अनेक कलावंत व तंत्रज्ञ हाँगकाँगला आले. तेथे मँडरिन व कँटनीज असे दोन चित्रव्यवसाय शेजारी शेजारी नांदू लागले. त्यानयी स्थापणाऱ्या शॉ कुटुंबाच्या कंपनीने १९६३ मध्ये काढलेला ‘ल्यांग शान-पो आणि चू यिंग-ताय’ हा मँडरिन संगीतपट तैपेईत विलक्षण गाजला. मँडरिन न जाणणाऱ्या हाँगकाँगच्या प्रेक्षकाला पडद्यावरील चिनी अक्षरांचा आधार होता. पुढे मँडरिनचे वर्चस्व इतके वाढले की, १९७० नंतर कँटनीज चित्रनिर्मिती जवळजवळ थांबली. तिला जीवदान मिळाले ते १९७३ च्या ‘बाहत्तर भाडेकरूंचे घर’ या चित्रपटाने; आणि त्याचे मूळ होते शांघायचा एक प्रहसनप्रयोग!

तैवानमध्ये १९८७ साली लष्करी कायदा उठला. त्यानंतर दोन वर्षांनी होउ श्याव-श्येन यांच्या ‘दुःखाचे शहर’ या चित्रपटात होक्किएन, जपानी, मँडरिन अशा अनेक भाषा एकत्र ऐकू आल्या. त्यातील प्रमुख नट हाँगकाँगचा. त्याला होक्किएन येत नसल्याने त्याची भूमिका मूकबधिराची करण्यात आली. हा नायक चिठ्ठ्या लिहून बोलतो आणि त्या पडद्यावर पाट्यांच्या रूपाने दिसतात. मूकपटातील जुनी तोड येथे पुन्हा उपयोगी पडली.

१९९० नंतर अभ्यासकांनी ‘चिनी चित्रपट’ याऐवजी ‘चिनी भाषेतील चित्रपट’ ही संज्ञा रूढ केली. राष्ट्राच्या सीमा ओलांडण्यास ती सोयीची खरी; परंतु तिच्यातील ‘भाषा’ हे एकवचन फसवे आहे. २००० सालच्या अँग ली यांच्या ‘दडलेला वाघ, लपलेला ड्रॅगन’ या चित्रपटातील नटांचे परस्परभिन्न उच्चार अनेक मँडरिन भाषकांना खटकले. लिपीने जे झाकले होते, ते कानाने ओळखले. म्हणूनच चित्रपट कोठे निघाला याच्या जोडीला, त्यात कोण कोणत्या बोलीत बोलतो, हीही नोंद अभ्यासकाने ठेवणे अगत्याचे होय.